खाणीआधी इथे काय होतं?

चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरहून वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्याच्या अंगाला आलं की टेकड्या दिसायला लागतात. नवख्या माणसाला त्या डोंगरच वाटतात. पावसाळा सरला की त्यांच्यावर गवत माजलेलं असतं, बाभळी-सुबाभळी उभ्या असतात, उतारावर पाण्याने घळी पाडलेल्या असतात, एखादा गुराखी शेळ्या घेऊन वर चढलेला असतो. पण हे डोंगर नाहीत. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची जी माती आणि जो दगड उकरून काढतात, त्याचे हे ढिगारे. जवळच कुठेतरी खोल खड्डा असतो. आज विशीत असलेला तिथला मुलगा लहानपणापासून हेच बघत आला आहे. ढिगारा, खड्डा, हायवा ट्रकांनी फोडलेला रस्ता आणि धूळ बसवायला फिरणारा पाण्याचा टँकर, हाच त्याच्या गावाचा भूगोल. त्याआधी तिथे काय होतं हे आजी-आजोबांनी सांगितलं तर त्याला कळणार. त्यांनी नाही सांगितलं तर कळायला दुसरी वाट नाही.

सरकारदरबारी हिशेब असतो, नाही असं नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र, ओलित की कोरडवाहू, विहीर बांधीव की कच्ची, आंब्याची झाडं किती, मोहाची किती, गोठा कुडाचा की विटांचा. पंचनाम्याच्या कागदावर हे सगळं उतरतं, खाली पंचांच्या सह्या आणि एखाद-दोन अंगठे. कागदाला जेवढे रकाने, तेवढंच शेत त्यात बसतं. बाया निंदणाला कोणत्या पांदणीने जायच्या, मातामायचं ठाणं कोणत्या लिंबाखाली होतं, भूमिहीनांची जनावरं कोणत्या पडीत तुकड्यावर चरायची, कोणत्या नाल्याचं पाणी मे महिन्यातही आटत नव्हतं, कोणत्या वावराला काय नाव होतं, यातलं काही कुठे लिहिलं जात नाही. पुढे खाण पसरत जाते आणि बोट करून दाखवायला ती जागाच उरत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ही नोंद जमीन ताब्यात घेण्याआधी व्हायला हवी, कायद्याने सक्तीची हवी, आणि ती गावातल्या माणसांनी करायला हवी. ती कशी करायची हे आपल्याला काही कलावंतांनी दाखवून दिलं आहे. ज्या जिल्ह्यात प्यायचं पाणी आणि श्वासाची हवा हेच प्रश्न आहेत तिथे कलेचं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारेल. त्या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही. पण आधी त्या कलावंतांविषयी.

प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ सालचा, सास्तीचा. सास्ती हे राजुरा तालुक्यातलं खाणीला लागून असलेलं गाव. घरातल्या तीन पिढ्यांचा कोळशाशी संबंध. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात त्यांनी शिल्पकला शिकली, मग बडोद्याला पुढचं शिक्षण घेतलं. शिल्पकार म्हणून घडलेला हा माणूस पुढे भिंतीवर कोळशाने चित्रं काढू लागला, त्या चित्रांची ॲनिमेशन करू लागला, मांडणशिल्पं उभी करू लागला. २०१४ साली साओ पावलो आणि कोची, २०१५ला इस्तंबूल, २०२२ला व्हेनिस, असं हे काम जगातल्या मोठ्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत गेलं. वेल्समधल्या कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ या पुरस्कारासाठी निवडलेल्या सहा कलावंतांत ते होते. २०२१ मध्ये तो पुरस्कार सहाही जणांना मिळून देण्यात आला. तिथल्या कामात त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांचा इतिहास आणि इथल्या श्रमिकांचा इतिहास शेजारी शेजारी आणला. रंगचित्रं केली, मोर्च्यात धरतात तसे फलक केले.

त्यांचं भिंतीवरचं काम अगदी जवळ जाऊन बघावं असं असतं. लाकडी कोळशाची कांडी खरबरीत भिंतीवरून फिरते तेव्हा काळा रंग कणाकणाने बसतो. हाताचा तळवा घासला गेला तिथे धुरकट पट्टा राहतो, कांडी दाबली तिथे गर्द काळं उमटतं. बोट फिरवलं तर बोटाला येईल इतका तो रंग कच्चा असतो. चार पावलं मागे आलं की उजाड माळ दिसतो, कापलेल्या डोंगराची उघडी बाजू दिसते, आणि त्यावरून चालणारी माणसं. त्यांच्या धडावर डोक्याच्या जागी कधी अवजार असतं, कधी यंत्राचा भाग. प्रदर्शन संपलं की अशा भिंती रंगवून टाकतात.

मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्यात शेतकरी आणि खाणकामगार अशी दोन वेगळी माणसं नाहीत. दोन्ही एकाच देहात आहेत. कोळशाच्या मुलखात हे अक्षरशः खरं आहे. कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब आहे. म्हणजे बापाच्या नावावरचं वावर जातं आणि मुलगा त्याच वावराच्या पोटात डंपर चालवायला लागतो. आकडेवारीत ही गोष्ट दोन ठिकाणी जाते. एका तक्त्यात विस्थापित कुटुंब म्हणून, दुसऱ्यात रोजगारनिर्मिती म्हणून. एका तक्त्यावर आंदोलनवाले बोलतात, दुसऱ्यावर कंपनी. त्या घरात मात्र रात्री जेवायला बसलेला माणूस एकच असतो. हे एकत्र धरून ठेवणारं दुसरं काही माझ्या बघण्यात नाही, ना अहवालात, ना बातमीत, ना भाषणात.

आणि म्हणूनच असा कलावंत एका शाखेत मावत नाही. खाणीच्या मुलखाची गोष्ट सांगायची तर जमिनीखालचे थर कळावे लागतात, भूसंपादनाची कलमं कळावी लागतात, पाळीत काम करणाऱ्याचं अंग कसं दुखतं ते कळावं लागतं, आणि आजी जात्यावर काय म्हणायची तेही. यातल्या एकेकासाठी आपल्याकडे वेगवेगळे तज्ज्ञ आहेत. त्या सगळ्यांची एकत्र बैठक मात्र कधी होत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद आली. जमीन घेण्याआधी किती कुटुंबं बाधित होतील, गावाच्या सामाईक मालमत्तांचं काय होईल, लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल, याचा अभ्यास आणि त्यावर जनसुनावणी. तरतुदीत उणिवा आहेत, पण गावाला निदान ‘तुम्ही कोण, तुमचं इथे काय आहे’ हे विचारलं जाईल अशी सोय झाली. कोळशाच्या गावांना मात्र तीही नाही. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत १३ जुने कायदे आहेत, ज्यांखाली घेतलेल्या जमिनीला हा नवा कायदा थेट लागू होत नाही. त्यातला एक १९५७चा कोळसाधारक क्षेत्र कायदा. २०१५ मध्ये केंद्र सरकारने वाढीव मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी या तेराही कायद्यांना लागू केल्या, ते योग्यच झालं. सामाजिक परिणामांचा अभ्यास तेवढा बाहेर राहिला. कोळशाच्या जमिनीसाठी राजपत्रात अधिसूचना निघते, हरकतीला ३० दिवस मिळतात, पुढे घोषणा होते आणि जमीन सरकारची होते. दिल्लीचं राजपत्र बघायला सास्तीत कोण बसलेलं असतं?

दुसऱ्या बाजूला बघा. खाण सुरू करण्याआधी कोळसा किती खोल आहे, थर किती जाड आहे हे पाहायला बोअर मारतात. प्रत्येक बोअरमधून निघालेल्या खडकाची क्रमवार नोंद होते. किती मीटरवर वाळूचा खडक, किती मीटरवर शेल, कुठे कोळसा सुरू झाला, कुठे संपला. वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. त्या काळाची मीटर-सेंटिमीटरमध्ये नोंद ठेवायला आपल्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, पद्धत आहे. सर्वांत वरच्या हातभर थराची, ज्यावर शंभर-दोनशे वर्षं माणसं पेरत, भांडत, लग्नं लावत राहिली, त्याची नोंद ठेवायला मात्र रकाना सापडत नाही. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते, आणि मोबदल्याचा आकडा वाढवून हा अन्याय दूर होत नाही.

असा रकाना कायद्यात करताच येत नाही, असंही कुणी म्हणू नये. शेजारच्या गडचिरोलीत तो झालेला आहे. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. वनहक्क कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय चालतं ते वाचण्यासारखं आहे. जुनी विहीर चालते, स्मशान चालतं, देवस्थान चालतं, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालतं. वनहक्काच्या दाव्यांसाठी ठिकठिकाणी लोक हद्दीने फिरले, कोणतं झाड कुठे आणि कोणत्या झऱ्याला काय नाव हे सांगत गेले, आणि त्यातून नकाशे तयार झाले. ओडिशात नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला, तेव्हा १२ ग्रामसभांनी आपल्या डोंगराचं आपल्याशी काय नातं आहे ते सांगून बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. म्हणजे म्हातारीचा शब्द पुरावा होऊ शकतो हे भारतीय कायद्याने मान्य केलेलं आहे. जंगलात मान्य केलं. कोळशाच्या शेतात तेच का नको?

आता एक आक्षेप, जो मला सगळ्यात गंभीर वाटतो. कुठलं गाव आठवायचं? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी गावाचं गुणगान करणाऱ्यांना खडसावलं होतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, असा त्यांचा आशय होता. चंद्रपूर ही तर त्यांच्या धम्मदीक्षेची भूमी. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, इथे दीक्षेचा सोहळा झाला. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांसाठी जुनं शिवार म्हणजे पाटलाच्या वावरातली सालदारी, वेगळा पाणवठा, गावाच्या कडेला ढकललेली वस्ती. १९७३ मध्ये कोळशाचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर ज्यांना खाणीत कायमची नोकरी लागली त्यांना महिन्याचा पगार मिळाला, क्वार्टर मिळालं, मुलांना शाळा मिळाली. अशा माणसाला जाऊन ‘तुमचं सुंदर गाव गेलं हो’ म्हणून गळा काढला तर तो हसेल, आणि त्याचं बरोबर असेल.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र नोंद नकोच असा नाही. नोंद खरी हवी, असा तो आहे. कोणत्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते हेही त्या नकाशावर यायला हवं. कोणाचं स्मशान कुठे होतं, ओढ्याच्या वरच्या अंगाला कोण धुणं धुवायचं आणि खालच्या अंगाला कोण, सालदाराला वर्षाला किती खंडी जोंधळा ठरायचा, हे आलं नाही तर ती नोंद खोटी. सध्याची पद्धत तर उलट जुनीच उतरंड पक्की करते. मोबदला आणि नोकरी सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्याच्या नावावर वावरच नाही तो त्याच शिवारावर पोट भरत असला तरी या हिशेबात जवळजवळ दिसत नाही. मोह वेचणारी, रानभाजी खुडणारी, धुऱ्यावरचं गवत विकणारी बाई तर अजिबातच नाही. गाव विस्थापित होतं तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात तीच विस्थापित होते. तिची नोंद झाली तर तिचा हक्क निदान मांडता येईल.

कलावंताची गरज मला इथे वाटते. पंचनाम्याला एका प्रश्नाचं एकच उत्तर लागतं. ही जागा काय? पडीत. संपलं. एकाच जागेविषयी पाटलाच्या नातवाची एक आठवण, सालदाराच्या नातवाची दुसरी, आणि दोन्ही खऱ्या, हे त्या कागदाला झेपत नाही. चित्राला झेपतं, नाटकाला झेपतं, ऐकून जशीच्या तशी उतरवलेल्या बोलीला झेपतं.

बस्तरमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. नवजोत अल्ताफ या मुंबईच्या कलावंत १९९०च्या दशकाच्या शेवटी कोंडागावला गेल्या आणि तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करू लागल्या. त्यातून गावांतल्या हातपंपांच्या जागा नव्याने घडल्या. त्याला तिथे नळपार म्हणतात. बाईला भरलेला घडा आधी मधल्या उंचीवर ठेवता यावा आणि तिथून डोक्यावर घेता यावा अशी बांधणी, सांडलेलं पाणी वाहून जायची सोय, आणि भोवतीच्या भिंतींवर त्या परिसराच्या ओळखीच्या आकृती. हे शिल्प आहे की सार्वजनिक बांधकाम, हा प्रश्न पाणी भरणाऱ्या बाईला पडत नाही. पाणी आधी की कला आधी, या सवालाला यापेक्षा चांगलं उत्तर मला देता येणार नाही. ते काम गावात राहिलं, वापरात राहिलं.

दुसरं उदाहरण ओडिशाचं. अमर कंवर यांनी तिथल्या जमिनीच्या संघर्षांवर चित्रफिती, कागदपत्रं आणि हाताने बनवलेली पुस्तकं मिळून एक मोठी मांडणी केली. त्यात देशी धानाच्या कितीतरी वाणांची बियाणी आहेत. ती मांडणी परदेशातल्या संग्रहालयांत गेली, पण २०१२ पासून भुवनेश्वरमध्येही उघडली गेली, आणि तिथल्या लोकांना आपल्याकडचा पुरावा आणून तिच्यात भर घालता यावी अशी सोय ठेवली गेली. मला वाटतं, विस्थापनावरच्या कुठल्याही कलेला लावावी अशी ही कसोटी आहे. ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांना तिच्यापर्यंत पोचता येतं का, आणि ‘हे चुकलं आहे’ असं म्हणून त्यात बदल करता येतो का? पाचपुते यांच्यावर हा आरोप नाही. कलावंताला भिंत जिथे मिळते तिथे तो चित्र काढणार. सास्तीच्या माणसाला सास्तीतून निघालेलं काम बघायला मोबाइलचा पडदा लागतो, ही त्यांची चूक नाही, आपली आहे. महाराष्ट्राने चंद्रपूरची वीज घेतली. एकट्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्याच्या घरात दिवा लागतो त्यामागे कुणाचं तरी वावर आहे. त्या बदल्यात चंद्रपूरला आपण काय दिलं? २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी काढली, तिच्यात चंद्रपूर चौथं होतं.

आठवणी जपणं हा हळव्या माणसांचा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी याच जिल्ह्यातल्या घुग्घुसला जाऊन यावं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, आणि आसपासच्या कुटुंबांना घाईघाईने हलवावं लागलं. पायाखाली काय आहे, कोणत्या काळात कुठपर्यंत खणलं होतं, हे गावाच्या रोजच्या माहितीचा भाग असायला हवं होतं. जुन्या पाळीत काम केलेल्या म्हाताऱ्यांना खालचे बोगदे आठवत असतात. त्यांना बसवून, विचारून, त्यांच्या हाताने रेघा काढून घेतल्या तर तो नकाशा शोभेसाठी भिंतीवर लावायचा नसतो. त्यावर घर कुठे बांधायचं आणि कुठे नाही हे ठरतं.

तोच मुद्दा खाण बंद होण्याच्या वेळी येतो. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो, आणि त्यासाठीचा पैसा वेगळ्या खात्यात टाकावा लागतो. त्या आराखड्यात खड्डे भरणं, झाडं लावणं, जमीन सारखी करणं वगैरे येतं. पण जमीन पुन्हा कशासारखी करायची? नाला मुळात कुठून वाहत होता? गायरान कुठे होतं? खाणीआधीची नोंदच नसेल तर ढिगाऱ्यावर सुबाभळी लावल्या की काम झालं असं कुणीही म्हणू शकतं, आणि आज तसंच म्हणतात. ज्यांची वावरं गेली ते खाण संपल्यावर जमीन परत मागतात, तेव्हा त्यांच्या हातात जुना सातबारा सोडून काही नसतं.

खर्च कुणी करायचा? खाणवाल्याने, प्रकल्पाच्या खर्चातून, जसा तो बोअर मारण्याचा करतो तसा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून नको. हा निधी २०१५च्या दुरुस्तीनंतर आला. खाणीच्या जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि नव्यांवर १० टक्के इतकी रक्कम खाणबाधित भागासाठी त्यात जमा होते. तो बाधितांचा पैसा आहे, पाण्याला आणि दवाखान्याला लागणारा आहे. त्यातून कंपनीची जबाबदारी भागवायची नसते. वेल्समध्ये हे एकदा झालं. २१ ऑक्टोबर १९६६ला ॲबरफॅन गावावर खाणीचा ढिगारा घसरला, शाळा गाडली गेली, १४४ माणसं गेली. त्यात ११६ मुलं होती. लोकांनी गावासाठी मदतनिधी गोळा केला, आणि गावावर लटकलेले उरलेले ढिगारे हटवायला त्याच निधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. ती रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, तीही बिनव्याजी. ज्याने ढिगारा रचला त्याचा खर्च ज्यांची मुलं गेली त्यांच्या माथी मारला गेला. आपल्याकडे कोळशाच्या पैशाचा व्यवहार करताना ही गोष्ट कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवी.

त्याच वेल्सकडून एक चांगली गोष्टही घेता येईल. ब्लेनॅवनची बिग पिट खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ला संग्रहालय म्हणून उघडली. तिथे पाहुण्यांना खाली घेऊन जाणारे वाटाडे पूर्वीचे खाणकामगार असतात. आपल्याकडे वेकोलिने, म्हणजे कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीने, पर्यटन महामंडळाबरोबर सावनेरला खाण पर्यटन सुरू केलं आहे. कोळसा कसा निघतो हे लोकांनी बघावं, त्याला माझा विरोध नाही. पण कोळशाच्या मुलखाची गोष्ट फक्त कोळसा काढणाऱ्याने सांगायची म्हणजे घराची गोष्ट बुलडोझरवाल्याने सांगितल्यासारखं होईल.

म्हणून अधिकाराचा प्रश्न आधीच मिटवून टाकावा. १९५७च्या कायद्याखालच्या संपादनालाही सामाजिक परिणामांचा अभ्यास लागू करावा, आणि त्या अभ्यासाचा एक भाग म्हणून शिवाराची नोंद सक्तीची असावी. ती ग्रामसभेने नेमलेल्या माणसांनी करावी. त्यांत भूमिहीन असावेत, बाया निम्म्या असाव्यात. मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू, ज्या भाषेत माणूस बोलेल त्या भाषेत उतरवावं. राजुऱ्यात या साऱ्या भाषा कानावर पडतात, हा तालुका एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावाला हवा असेल तो चित्रकार, छायाचित्रकार किंवा नाटकवाला गावाने बोलवावा, पाठवलेला नको. ज्या गावांचं शिवार आधीच गेलं आहे तिथे हे काम ताबडतोब सुरू करावं, कारण ज्यांनी ते वावर वखरलं ते आता ऐंशीच्या घरात आहेत. काम झाल्यावर गावासमोर वाचन व्हावं, तक्रारी ऐकाव्यात, दुरुस्त्या कराव्यात. मूळ प्रत गावात राहील, गाव हललं तर गावाबरोबर जाईल. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. कंपनीला हवी असेल तर तिने ग्रामसभेकडे अर्ज करावा, आणि हरकत घ्यायला गावाला मिळतात तेच ३० दिवस तिलाही मिळावेत.